बेनीमामांचा विस्तव

आमच्या पेणच्या रामवाडीत माणसं भेटली की एकमेकांना "काय, बरं आहे ना?" असं विचारतात. बेनीमामा विचारतात, "विस्तव हाय ना?"

कुणालाही विचारतात. बसथांब्यावरच्या चहावाल्याला विचारलं तर एक वेळ समजू शकतं, त्याच्याकडे स्टोव्ह तरी असतो. पण मामा दूधवाल्याला विचारतात, बसच्या ड्रायव्हरला विचारतात. पलीकडच्या जोशीणबाईंकडे नवी सून आली तेव्हा आशीर्वादाच्या जागी तिलाही हेच विचारलं. ती बिचारी घाबरून आत गेली आणि गॅस बघून आली. बरं, नुसतं विचारून थांबतील तर शपथ! उजव्या हाताची पालथी बाजू पुढे करायची आणि समोर जे असेल त्याला लावून बघायची. चहाची किटली, बसचं बॉनेट, एखाद्या पोराचं कपाळ, माझ्या स्कूटरचं इंजिन. "गार पडलंय गो बाय, बघ जरा," असं मला रोज सकाळी सांगतात. अहो, रात्रभर अंगणात उभी असलेली स्कूटर गारच असणार! पण हे त्यांना सांगायची सोय नाही. चेहऱ्यावर एवढी काळजी असते की आपल्यालाच वाटायला लागतं, आपलंच काहीतरी विझलेलं दिसतंय.

बेनीमामा म्हणजे बेन्जामिन कासूकर. रोह्याला आमच्या कंपनीत कोळशाच्या बॉयलरचे इन्चार्ज. कंपनी आजूबाजूच्या कारखान्यांना वीज आणि वाफ विकते. मी त्याच कंपनीत, पर्यावरण विभागात. दोघांची घरं रामवाडीत, मध्ये दोन बंगले. त्यामुळे रोज एकाच बसने पेण ते रोहा आणि परत. हायवेचं काम माझं लग्न व्हायच्या आधीपासून चालू आहे, तेव्हा बोलायला वेळच वेळ.

नाव ऐकून नवखी माणसं त्यांना ख्रिश्चन समजतात. मग मामा शांतपणे सांगतात, "नाय हो. आम्ही बेने इस्रायल. शनवार तेली म्हणतात ते आम्ही." म्हणजे कधी काळी कोकणच्या किनाऱ्याला लागलेले, तेलाचे घाणे चालवणारे, आणि शनिवारी घाण्याला हात न लावणारे ज्यू. मामांच्या आजोबांचा घाणा कासूला होता. "आख्ख्या कासूचे दिवे आमच्या तेलावर जळायचे," हे वाक्य बस कासूच्या आसपास आली की येणारच. आता मामांचे सगळे भाऊबंद इस्रायलला. मुलगी रिबेका तिकडे अश्दोदला. मामी गेल्यापासून घरात मामा एकटे.

रिबेका दर शनिवारी रात्री फोन करते. मामा फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे तो फोन आमच्या सगळ्या गल्लीला पाठ आहे. ती विचारते, "पप्पा, कधी येताय?" आणि मामा म्हणतात, "अगो, इथे विस्तव हाय. तो सोडून कसा येऊ?" मग जेवलात का, गोळ्या घेतल्या का, वगैरे. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

शनिवारची एक वेगळीच तऱ्हा. शुक्रवारी दिवस मावळला की मामांचे हात बंद. विस्तव पेटवायचा नाही, विझवायचा नाही, बटण दाबायचं नाही, फोन उचलायचा नाही. कंपनीने त्यांना सुट्टीच शनिवारची दिली होती. रविवारी सगळं रोहा घोरत असायचं आणि मामा बॉयलरपाशी. पण माणूस सुट्टीवर गेला म्हणून काळजी सुट्टीवर जाते थोडीच! शनिवारी सकाळी ते माझ्या फाटकाशी येऊन उभे राहायचे. दुसऱ्याला सांगून काम करून घेणंही त्यांच्यात चालत नाही, म्हणून सांगायचे काहीच नाहीत. नुसता एक उसासा टाकायचे आणि माझ्या जास्वंदीकडे बघून म्हणायचे, "काय की बाबा. असेल का नसेल."

पहिल्यांदा मला वाटलं, जास्वंदीबद्दलच बोलतायत. मी म्हटलं, "मामा, कळ्या गळतायत हो सध्या." त्यांनी माझ्याकडे इतक्या केविलवाण्या नजरेने बघितलं की माझी ट्यूब पेटली. आत जाऊन प्लांटवर मामांच्या जागी असलेल्या पाटीलला फोन लावला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "हॅलो पाटील! प्रेशर ठीक आहे ना? विस्तव छान आहे ना? बरं बरं!" मामा तोवर जास्वंदच न्याहाळत होते. "फुलेल हो, चांगली फुलेल," म्हणाले आणि निघून गेले. तेव्हापासून दर शनिवारी आमचा हा जास्वंदीचा कार्यक्रम ठरलेला. माझा नवरा म्हणायचा, एवढी काळजी कुणी माझी केली असती तर! मी म्हटलं, तू आधी एवढा तापून दाखव.

तर अशा माणसाच्या कंपनीला एके दिवशी स्वच्छ व्हायचं सुचलं.

मुंबईच्या ऑफिसातून फर्मान आलं, कंपनी कार्बन न्यूट्रल होणार. कोळसा बंद. सौर पॅनेल, मोठाल्या बॅटऱ्या, वाऱ्याची वीज बाहेरून विकत, आणि वाफेसाठी विजेवर चालणारा बॉयलर. गेटवर हिरव्या पानांचं पोस्टर लागलं. आणि हे सगळं रोह्यात घडवून आणायचं काम कुणाकडे? माझ्याकडे! मला यात काही खोटं वाटत नव्हतं, हे आधीच सांगते. धरमतरच्या धक्क्यावर बार्जमधून कोळसा उतरताना उडणारी भुकटी मी बघितली होती. खाडीकाठच्या शेतांत भरतीचं पाणी शिरतं, भात जळतं, तेही बघत होते. हे थांबायला हवं, असं मला मनापासून वाटत होतं. फक्त ते थांबवायचं म्हणजे रोज सकाळी माझ्या शेजारच्या सीटवर बसणाऱ्या माणसाचा विस्तव विझवायचा, हे कुठल्या पोस्टरवर लिहिलं नव्हतं. माझी झोप उडाली ती तेव्हापासून.

सुरुवात चिमणीपासून झाली. नागोठणं मागे पडलं की एका वळणावर कंपनीची चिमणी दिसते. तिथे मामा सीटवरून उभे राहायचे आणि सगळी बस गप्प व्हायची. "हाय!" म्हणून ते खाली बसले की लोक पुन्हा बोलायला लागायचे. आम्ही धूर गाळायचं नवं यंत्र बसवलं आणि दुसऱ्या दिवशी चिमणीतून काही दिसेचना. मामांच्या तोंडचं पाणी पळालं. "थांबव रे, बस थांबव!" चालत्या बसमधून उडी मारतात की काय असं झालं. मी त्यांचा शर्ट धरून ओरडत होते, "मामा, धूर गाळलाय! विस्तव आहे! नुसता दिसत नाहीये!" ते खाली बसले. मग सगळा रस्ता पुटपुटत राहिले, "दिसत नाय तर माणसाने ओळखायचं कसं गो?"

मग कोळशात भाताच्या तुसाच्या दाबून केलेल्या कांड्या मिसळायला लागलो. पहिल्याच दिवशी मामा माझ्या टेबलाशी आले. चेहरा पडलेला. "बाय, आज विस्तवाला पेजेचा वास येतो. आजारी हाय काय तो?" मी म्हटलं, "मामा, तूस आहे ते, पेजेचा वास येणारच." तरी त्यांना पटेना. दिवसभर बॉयलरशेजारी स्टूल टाकून बसले, आणि मधूनमधून दारावर पालथा हात लावून बघत होते. जेवायलाही उठले नाहीत. पाटील शेवटी म्हणाला, "मॅडम, मामांना सलाईन लावा, म्हंजे त्या दोघांचं एकदम व्हईल."

त्यानंतर प्रशिक्षण. पुण्याहून एक तरुण सल्लागार आला, गोरागोमटा, घामाघूम. त्याने पडद्यावर कोळशाचं चित्र दाखवलं, त्याला शिंगं काढलेली. सगळे हसले. मामांनी हात वर केला.

"साहेब, एवढी वर्षं जो जाळला, तो कुणाच्या नावावर?"

"कंपनीच्या," सल्लागार हसत म्हणाला.

"पण टाकला मी," मामा म्हणाले. मग कुणी हसलं नाही.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत होते. कासू आलं आणि गेलं, घाण्याचं वाक्य आलं नाही. मलाच चुकल्यासारखं झालं. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आमच्या आजाने तेल गाळलं, लोकांचे दिवे लागले. लोक दुवा द्यायचे. मी पण दिवेच लावले ना गो? मग माझं पाप कसं झालं?" माझ्याकडे याची उत्तरं होती. भरपूर होती, रंगीत आलेखांसकट होती. "मामा, तेव्हा ठाऊक नव्हतं हो कुणाला," एवढंच म्हटलं. "आता ठाऊक झालं ना," ते म्हणाले, "मग आता मी कुठल्या बाजूला?"

हाच प्रश्न मलाही त्यांना विचारायचा होता, पण कामाच्या भाषेत. बॉयलरवरच्या प्रत्येक माणसाला कंपनीने दोन वाटा दिल्या होत्या. पॅनेल आणि बॅटरीचं काम शिकून राहा, नाहीतर लवकर निवृत्ती घेऊन जा. सगळ्यांनी सांगून टाकलं होतं. पाटील, म्हात्रे, एकूण आठही जण पॅनेलकडे येणार होते. मामा तेवढे राहिले होते. मी विचारलं की ते म्हणायचे, "विस्तव असेपर्यंत मला विचारू नको." वरून मला फोनवर फोन, आणि कोळसा बंद झाला की येणारा सोमवार ही शेवटची मुदत.

पॅनेलशी त्यांचं काही वैर होतं असंही नाही. पहिली रांग बसली तेव्हा मी त्यांना मुद्दाम घेऊन गेले. "उन्हाचा काय भरवसा गो," म्हणत त्यांनी सवयीने पालथा हात काचेवर टेकवला आणि झटक्यात मागे घेतला. "आई गं! हिच्यात पण हाय की!" मग चारी बाजूंनी फिरून बघितलं. "शनवारी कोण चालवतं?" मी म्हटलं, कुणी नाही, ऊन पडलं की आपोआप चालतं. "म्हणजे मी हात नाय लावला तरी?" नाही लावला तरी. मामांनी जरा जपून पुन्हा एकदा काचेवर पालथा हात टेकवला. "हे चांगलं हाय," म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. पण तो तिथे फार वेळ राहिला नाही, कारण त्याच आठवड्यात समारंभाची तारीख आली.

शेवटचा बॉयलर विझवायचा समारंभ. मुंबईहून मोठे साहेब येऊन लाल बटण दाबणार. वार, शनिवार!

मी डोक्याला हात लावला. फोन केला, "सर, शुक्रवार नाही का जमणार?" म्हणे, शुक्रवारी दिल्ली. "मग रविवार?" म्हणे, रविवारी कोण येतं रोह्याला? मी समजावून सांगितलं, आमच्या बॉयलरचे इन्चार्ज शनिवारी विस्तवाला हात लावत नाहीत. तिकडून उत्तर, "मग दुसरा कुणीतरी लावेल." मी पाटीलकडे गेले. पाटील म्हणजे मामांच्या हाताखाली तयार झालेला आडदांड गडी, खाडीकाठचा. त्याने तोंड फिरवलं. "मामा नाय तं मी हात लावनार नाय, मॅडम." म्हात्रेला विचारलं, तोही नाही. आठही जण नाही. मला रडू यायचं बाकी होतं. साहेब बटण दाबणार आणि मागे विस्तव ढणाढणा जळत असणार, टीव्हीवाल्यांसमोर!

शेवटी बसमध्ये मामांना सगळं सांगितलं. ते माझ्यावर भडकतील असं वाटलं होतं. उलट मलाच म्हणाले, "तुझा हात गार पडलाय गो." चिमणीच्या वळणावर उभे राहिले, पण "हाय" म्हणाले नाहीत.

"शुक्रवारी दुपारी त्याचं खाणं बंद करू," ते म्हणाले. "शनवारी तुझा साहेब येईपर्यंत तो आपला आपण निजलेला असेल. कुणी विझवला नाय, कुणी शनवार मोडला नाय."

मला त्यांना मिठीच मारावीशी वाटली. पण पुढचं वाक्य आलं.

"त्याच्याआधी मलीदा करायचा. तो जिवंत असताना."

मलीदा म्हणजे त्यांच्यातला आभार मानायचा विधी. गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. एलियाहू हन्नाबीची, म्हणजे एलिया प्रेषिताची, प्रार्थना. प्रवासाला निघताना करतात, लग्नकार्यात करतात, नवस फिटला की करतात. प्रवासाला निघताना, हे ऐकलं आणि मला अश्दोद आठवलं. पण विचारायचा धीर झाला नाही. अडचण भलतीच होती. मामांच्या घरच्या रीतीने प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि डोकी झाकलेली लागतात. "दहा आणू कुठून?" मामा म्हणाले. "रोह्यात हायमकाका, पेणला मी. बाकी दोघंतिघं अंथरुणाला. उरलेले सगळे तिकडे."

पाटील पुढच्या सीटवरून मान वळवून म्हणाला, "आमी हाव ना, मामा."

शुक्रवार उजाडला तो माझ्यासाठी धाकधूक घेऊनच. मामांना दिवस मावळायच्या आत पेणला घरी पोचायचं, म्हणजे चारच्या आत रोहा सोडायला हवं. बॉयलरघरात मामांनी स्वच्छ चादर अंथरली, रोह्याच्या गिरणीतले पोहे स्वतः भिजवून कालवले, परात सजवली. हायमकाका रिक्षाने आले. निवृत्त शाळामास्तर, काळी मखमली टोपी, हातात जुनं पुस्तक, डोळ्यांवर जाड भिंगं. पाटील आणि मंडळी आंघोळी करून, डोक्यावर पिवळी हेल्मेटं घालून ओळीने उभी. डोकी झाकायची म्हटल्यावर त्यांना दुसरं काय सुचणार! मी एका बाजूला, पाहुण्यांना देतात ते पांढरं हेल्मेट घालून, कारण बॉयलरघरात त्याशिवाय सोडतच नाहीत.

आणि म्हात्रेचा पत्ता नाही. तो सकाळी धरमतरला गेला होता, धक्क्यावरचं राहिलेलं सामान आणायला. फोन लावला. "मॅडम, वडखळ नाक्यावर अडकलोय. पुढे ट्रेलर आडवा झालाय." मी फोनवर हायवेला, ठेकेदाराला, त्या ट्रेलरला जे काही बोलले ते इथे लिहिता येणार नाही. घड्याळ पुढे सरकत होतं. मामा परातीतली केळी उगाच इकडची तिकडे करत होते. मध्येच उठून बॉयलरच्या दारावर पालथा हात लावत होते. "असू दे," शेवटी म्हणाले. "नशिबात नाय. राहू दे, बाय." त्यांचा आवाज असा होता की पाटीलने खाली बघितलं.

हायमकाका इतका वेळ भिंगांतून सगळ्यांकडे बघत उभे होते. त्यांनी विचारलं, "बेन्जामिन, ही सगळी माणसं कोण?"

"इथलीच. विस्तवावरची."

"आपली नाहीत."

"नाय."

हायमकाका थोडा वेळ बॉयलरच्या झरोक्यातून दिसणाऱ्या लाल उजेडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मोजतो."

"काका, नऊच आहेत," मी म्हटलं.

"माणसं मोजायची नसतात, पोरी. आमच्यात टोप्या मोजतात." आणि बोट पुढे करून त्यांनी मोजायला सुरुवात केली. आधी स्वतःची मखमली, मग मामांचं हेल्मेट, मग एकेक पिवळं. बोट सरकत सरकत माझ्यापाशी आलं आणि माझ्या पांढऱ्या हेल्मेटवर थांबलं. "दहा."

"अहो काका, मी बाई आहे!"

"मी टोप्या मोजल्या," हायमकाका म्हणाले आणि पुस्तक उघडलं.

मला हिब्रू कळत नाही. पाटीललाही नाही. पण मामांनी गायला सुरुवात केली तसे सगळे हेल्मेट घट्ट धरून खाली बघत उभे राहिले. मध्ये मध्ये मराठी ओळी येत होत्या, आणि तेवढ्या मंडळी जोरात म्हणायची, जिथे म्हणायच्या नव्हत्या तिथेसुद्धा. मग मामांनी प्रत्येकाच्या ओंजळीत पोहे घातले. मलाही. खाऊन झाल्यावर कोळशाचा पुरवठा बंद केला, मूठभर कोळसाही पुढे जाऊ दिला नाही. दारावर पालथा हात ठेवला, नेहमीपेक्षा जास्त वेळ. तो भाजत असणार. मला ते बघवेना. मी बाहेर येऊन कंपनीच्या गाडीत बसले आणि खुशाल रडले.

शनिवारी सगळं झकास पार पडलं. मांडव, हार, रोपटं, भाषणं. साहेबांनी लाल बटण दाबलं, ते एका दिव्याला जोडलेलं होतं. दिवा लागला, टाळ्या झाल्या. विस्तव तर पहाटेच निजला होता. आमची पिवळी हेल्मेटं मागच्या रांगेत उभी होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी दिवसभर उन्हात उभी राहून लोकांचे आभार मानत होते आणि डोक्यात एकच, सोमवारी मामांचं काय सांगू? प्रवासाला निघताना मलीदा करतात. विझला विस्तव. आता त्यांना इथे ठेवणार कोण? मला ते जायला नको होते. स्पष्ट सांगते, मला ते अजिबात जायला नको होते.

संध्याकाळी पेणला उतरले आणि घरी न जाता सरळ मामांच्या फाटकाशी गेले. ते ओटीवर खुर्ची टाकून बसले होते. आज सकाळचा जास्वंदीचा कार्यक्रम झालाच नव्हता, मी घरी नव्हतेच. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "विस्तव हाय ना" विचारलं नाही.

शनिवार सरला नव्हता, त्यामुळे कामाचं बोलायचं नव्हतं. त्यांच्या कुंपणाशी कढीपत्त्याचं झाड आहे. मी त्या झाडाकडे बघत उसासा टाकला आणि म्हटलं, "काय की बाबा. असेल का नसेल."

मामा हसले. पहिल्यांदाच, एवढ्या दिवसांत. उठून जवळ आले आणि पालथा हात माझ्या कपाळाला लावला. "तापलीस गो बाय," म्हणाले. "बस. पाणी पी."

मी बसले. मामा आकाशाकडे बघत होते. तीन तारे दिसले की शनिवार संपतो. एक दिसला, दुसरा दिसला, तिसऱ्यासाठी बराच वेळ थांबावं लागलं. मग आत जाऊन त्यांनी फोन आणला, आणि तो हातात येतो न येतो तोच वाजला. स्पीकरवरच.

"पप्पा," रिबेका म्हणाली, "फोटो बघितले. विस्तव बंद झाला ना आता?"

"झाला."

"मग आता तरी याल ना? तिकीट काढू?"

मामा हळूच म्हणाले, "एवढी वर्षं तुला विस्तवाचं सांगितलं गो. घाबरायचो मी. तिकडे येऊन करू काय? इथे निदान कुणीतरी विचारतं, आज विस्तव कसा हाय म्हणून." आणि डोळे पुसले. मला उठून जावं की बसावं कळेना. मी बसले.

"म्हणून तर म्हणते, या," रिबेका म्हणाली. "तिकडे आता कोण आहे तुमचं?"

"आता इथे दहा झालेत, बाय."

"दहा? पेण-रोह्यात दहा आणले कुठून, पप्पा?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या मांडीवर ते पांढरं हेल्मेट तसंच होतं, सकाळपासून मी बरोबर वागवत होते.

"हायत," ते म्हणाले. "मी तिकडे आलो तर इथे नऊच राहतील."